टॉवेलची शिडी

नोरीनला शुक्रवारी घरी आणायचं नक्की झालं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, डेरेक अटलीने, पलंगाखालचा लांबट खोका बाहेर ओढला.

त्या खोक्यात टॉवेल गरम करायची शिडी होती. चकचकीत गोल नळ्यांची, भिंतीला उभी लावायची. आतून बॉयलरचं गरम पाणी फिरतं आणि वर वाळत घातलेला टॉवेल उबदार राहतो. डेरेक आणि नोरीनची मुलगी लोरेन हिचं लग्न हॅरोगेटच्या एका हॉटेलात झालं होतं, तिथल्या न्हाणीघरात नोरीनने ती पहिल्यांदा पाहिली. लग्नाची आठवण निघाली की बाकीच्या बायका नवरीच्या पोशाखाबद्दल बोलायच्या, नोरीन टॉवेलबद्दल. "अगं, अंगाला लावला तर भट्टीतून काढलेल्या पावासारखा! मी बाहेर यायलाच तयार नव्हते. हा दारावर थापा मारत होता."

पुढे सेलमध्ये तिने स्वतःच ती शिडी विकत आणली. डेरेक म्हणाला, या उन्हाळ्यात लावतो. मग पुढच्या उन्हाळ्यात. खोका पलंगाखाली गेला आणि तिथेच राहिला. नोरीन झाडू मारताना खोक्याला मुद्दाम दोन रट्टे द्यायची, म्हणजे खाली स्वयंपाकघरात बसलेल्या डेरेकला ऐकू जावं.

डेरेक गिरणीत माग दुरुस्त करायचा. खोऱ्यातल्या गिरण्या एकामागून एक बंद होईपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही. आमच्या गल्लीत, जे काम घरच्या माणसाला येतं त्यासाठी बाहेरचा माणूस बोलावला, ही बातमी लोक पोलिस आल्याच्या बातमीसारखी हळू आवाजात सांगतात. डेरेककडे तर असा माणूस कधीच आला नव्हता. छप्पर त्याने केलं, फरशी त्याने केली, घर तापवायचे पाइपही सगळे त्यानेच टाकले होते.

नोरीनचा आजार पोटातला. आता औषधांनी काही होणार नाही, तिला घरी न्या, तिथे बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारला नाही. लोरेनने पुढच्या खोलीतला सोफा काढून तिथे इस्पितळाकडून मिळालेला पलंग लावून घेतला, उशी खिडकीकडे, म्हणजे आईला गल्ली दिसेल. मग ती लीड्सला कामावर गेली. शुक्रवारी रजा काढून येणार होती.

बुधवारी सकाळी डेरेकने माझं दार वाजवलं. मी त्यांच्या शेजारी राहते. लोरेन शाळेत माझ्या वर्गात होती, तेव्हापासून ते सगळं घर मला बाई म्हणतं.

"बाई, हात रिकामे आहेत का? टॉर्च धरायला माणूस पाहिजे."

मी गेले. जिन्याच्या तोंडाशी खोका उघडून ठेवलेला, शेजारी नट खोलायचे पाने, करवत आणि जुन्या चादरी.

"डेरेक, हे आज? परवा ती येतेय."

"म्हणूनच आज."

"अरे, तिला जिना चढता येणार नाही. न्हाणीघर वर आहे."

"ती नाही वर येणार. टॉवेल खाली येईल. टॉवेलला काय झालंय?"

"बाहेर बघ, बर्फ पडायच्या बेतात आहे. घर थंड करून ठेवशील."

"एका दिवसाचं काम आहे. संध्याकाळी तुम्ही कोट काढून बसाल इथे."

"लोरेनला सांगितलंस?"

"शुक्रवारी कळेलच तिला. आधी सांगितलं तर ती मला कागदावर लिहून कारणं देईल. कॉलेजात शिकलेली आहे."

मी पुन्हा म्हटलं की पुढच्या आठवड्यात कर. त्याने ऐकलं नाही. तो ऐकेल असं मलाही वाटलं नव्हतं. हातातल्या करवतीकडे तो असा बघत होता की मी टॉर्च हातात घेतला. गेले कित्येक आठवडे इस्पितळातल्या खुर्चीवर नुसतं बसून त्या माणसाने काढले होते. दुरुस्त करता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं.

पाण्याचा प्रकार त्याने मला समजावून सांगितला. "तुम्ही पोरांना रक्ताभिसरण शिकवायचात ना? तसंच. बॉयलर म्हणजे काळीज. पाणी तिथून निघतं, खोल्या तापवणाऱ्या सगळ्या रेडिएटरमधून फिरतं, परत येतं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. कुठे थोडं कमी झालं तर माळ्यावरची छोटी टाकी भर घालते. आता शिडीसाठी न्हाणीघरातला रेडिएटर काढायचा म्हणजे आधी हे सगळं रिकामं करायचं."

"आणि टाकी भरतच राहिली तर?"

"हुशार विद्यार्थिनी," तो म्हणाला आणि माळ्यावर चढला. टाकीतला तरंगता गोळा त्याने वर उचलून आडव्या लाकडाला सुतळीने बांधला. गोळा खाली येईना, त्यामुळे नवीन पाणी येईना. मग खाली येऊन त्याने तळातल्या कॉकला रबरी नळी लावली, नळीचं दुसरं टोक पुढच्या दारातून बाहेर गटाराच्या जाळीवर टाकलं आणि कॉक फिरवला.

पाणी शाईसारखं काळं आलं. पावसाने गुळगुळीत झालेल्या आमच्या दगडी रस्त्यावरून ते वाफाळत वाहू लागलं. समोरचा हॅरी क्रॅबट्री कुत्र्याला घेऊन चालला होता, तो थांबला.

"काय रे डेरेक, तेल लागलं की काय?"

"लागलं. उद्यापासून मी तुझ्याशी बोलणार नाही."

"मग आजच विचारून घेतो. नोरीन कशी आहे?"

"शुक्रवारी येतेय घरी," डेरेक म्हणाला. हॅरीने टोपी थोडी वर केली, आणि कुत्रा आधीच पुढे ओढत होता म्हणून बरं झालं.

दुपारपर्यंत जुना रेडिएटर सुटला. तो लोखंडी, जड, आणि रिकामा केला तरी पोटात थोडं काळं पाणी धरून बसलेला. आम्ही दोघं म्हातारी माणसं तो चादरीवरून ओढत जिन्यापर्यंत नेत होतो आणि हसत होतो. फार दिवसांनी डेरेक हसला. नवी शिडी जुन्या रेडिएटरपेक्षा अरुंद, त्यामुळे जमिनीतून वर येणारे पाइप वीतभर आत सरकवायचे होते. त्याने लाकडी फळ्या उचकटल्या, पाइप कापले, कोपऱ्यांचे पितळी जोड बसवले. त्याची बोटं आता वाकडी झाली आहेत, सांधे सुजतात, पण नट फिरवायला लागला की ती बोटं सगळं विसरतात. मी टॉर्च धरून होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी काम नीट चाललंय एवढं दिसत होतं. शेवटी त्याने भिंतीत भोकं पाडून गिट्ट्या ठोकल्या, शिडी अडकवली, तिच्यावर लेव्हलची पट्टी धरून बघितली आणि मागे सरून उभा राहिला.

"सरळ आहे ना, बाई?"

"लेव्हलचा बुडबुडा मधोमध आहे."

"बुडबुड्याला कोण विचारतंय? नोरीन आधी एक डोळा मिटून बघेल."

मी एक डोळा मिटून बघितलं. सरळ होती.

अंधार पडायच्या आत त्याने माळ्यावर जाऊन सुतळी कापली. गोळा खाली आला, पाणी फुसफुसत टाकीत पडू लागलं. टाकी भरली, गोळा वर आला, आवाज थांबला. मी माळ्यावर जायच्या शिडीखाली उभी राहून ऐकत होते. आता टाकीतलं पाणी खाली पाइपांत उतरायला हवं होतं, म्हणजे गोळा पुन्हा खाली येऊन पुन्हा आवाज सुरू झाला असता.

आवाज सुरू झाला नाही.

वर डेरेकने टाकीवर दोनदा ठोकलं. मग म्हणाला, "उतरत नाहीये."

टाकीपासून खाली एकच पाइप जातो, अंगठ्याएवढा जाड. इतक्या वर्षांचा लोखंडाचा गंज पाण्याबरोबर फिरून त्या पाइपाच्या जोडापाशी साचत गेला होता. पाणी फिरत होतं तोवर त्याचा कोणाला त्रास नव्हता. घर रिकामं केलं आणि तो गाळ खाली घसरून बुचासारखा बसला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच कळत होतं की वर टाकी काठोकाठ भरली आहे आणि खाली घर कोरडं आहे. कोरड्या घराचा बॉयलर पेटवता येत नाही.

तो पाइपावर हातोडीने टकटक करत गेला. स्वयंपाकघरातल्या नळाची नळी उलटी लावून खालून पाणी ढकललं. पाइप थरथरले, भिंतीत काहीतरी गुरगुरलं, पाणी जोडातून त्याच्या तोंडावर उडालं, आणि पुन्हा सगळं शांत.

"प्लंबरला फोन कर," मी म्हटलं.

"सकाळी. सकाळी ताज्या डोक्याने करतो, होईल."

गुरुवारी सकाळी त्यांच्या घरात खिडक्यांना आतल्या बाजूने हिव जमलं होतं. डेरेक स्वेटरवर कोट आणि कोटावर गिरणीतला जुना झगा घालून फळ्यांमध्ये पालथा पडला होता.

"डेरेक, फोन कर."

"एक तास द्या मला."

एका तासाने तो म्हणाला, पाइप थोडा मोकळा झालाय, आवाज बदललाय, तुम्ही ऐका. मी ऐकलं. आवाज तोच होता. मी तसं सांगितलं नाही, म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, अजून थोडा वेळ. ज्या माणसाने एकेक पाइप स्वतःच्या हाताने टाकला, त्याला ते पाइप आपल्याला दगा देतील हे पटत नव्हतं.

गल्लीत बातमी गेली होती. हॅरी क्रॅबट्री विजेचा हीटर घेऊन आला. चर्चमधला मोठा हीटर दोन बायका उचलून घेऊन आल्या. मी माझा आणला. सगळे एकदम लावले आणि मेन स्विच पडून घराची वीज गेली. वायरिंगही डेरेकनेच केलेलं, आणि ते इतक्या हीटरांसाठी नव्हतं. मग दोनच लावले, पुढच्या खोलीत, पलंगाच्या दोन बाजूंना. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पिंढऱ्या भाजत होत्या आणि पाठ गारठत होती.

दुपारी सायमा आली. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघणारी ही आमच्या भागातली नर्स, तरुण, हॅलिफॅक्सची. बोलायला मोकळी. शुक्रवारच्या आधी घर बघून जायचं, मग इस्पितळाला हो म्हणायचं, हे तिचं काम. तिने पलंगाची कळ वरखाली करून बघितली, औषधांचा डबा कुठे ठेवायचा ते बघितलं. कोट काढला नाही.

"मिस्टर अटली, मला इथे माझा श्वास दिसतोय."

"उद्या सकाळपर्यंत होतंय सगळं."

"नाही झालं तर?"

डेरेक हीटर पलंगाकडे थोडा सरकवू लागला. सायमाने माझ्याकडे बघितलं. 

"इस्पितळाची गाडी उद्या नऊला निघायची आहे," ती म्हणाली. "मला आजच सांगावं लागतं. त्यांच्या अंगावर आता काही राहिलेलं नाही, मिस्टर अटली. ऊब धरूनच ठेवता येत नाही त्यांना. या खोलीत एक रात्र काढली तर... नाही. मी हो म्हणू शकत नाही."

"मग परवा आणा."

"शनिवार-रविवार असं कोणाला सोडत नाहीत. गाडी नसते, डॉक्टरची सही नसते. सोमवारी."

"सोमवारी," डेरेक म्हणाला. "पोरी, त्यांना माहीत आहे ना, तिच्याकडे—" आणि थांबला.

"मी सोमवारी पहिला नंबर त्यांचाच लावते. स्वतः लावते. तेवढं मी नक्की करते."

ती गेल्यावर डेरेकने फळ्यांवर पडलेला झगा उचलला, घडी घातला आणि प्लंबरला फोन केला.

प्लंबर शुक्रवारी सकाळी आला. त्याने माळ्याखालच्या कपाटात पाइपाचा हातभर तुकडा कापला, आरपार उजेड दिसतो का बघितलं, डेरेकला दाखवला. आत डांबरासारखा काळा गोळा गच्च बसला होता. त्याने नवीन तुकडा जोडला. टाकी फुसफुसायला लागली, पाणी धो धो खाली उतरलं. मी त्याच्यासाठी केलेला चहा अजून गरम होता.

"होतं असं," तो म्हणाला. "जुनी घरं. रिकामी केली की खवळतात."

डेरेकने विचारलं, "मी तुला काल सकाळी बोलावलं असतं तर?"

प्लंबरला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "काल आलो असतो."

दुपारी लोरेन आली तेव्हा घर तापलं होतं. वर शिडीवर दोन पांढरे टॉवेल होते. फोनवर तिला सगळं सांगून झालं होतं. ती कोट न काढता जिना चढली, न्हाणीघराच्या दारात उभी राहिली, आणि खाली आली.

"एका टॉवेलसाठी, बाबा."

डेरेक टेबलाशी बसला होता.

"तुला कोणी सांगितलं होतं? आईने सांगितलं होतं? तिने फक्त घरी आणा म्हटलं होतं. एवढंच. रोज तेच म्हणत होती. आणि तू त्याच दोन दिवसांत घर फोडून बसलास!"

"मला वाटलं, एका दिवसाचं..."

"तुझं सगळं एका दिवसाचं असतं! इतकी वर्षं तो खोका पलंगाखाली होता तेव्हा एक दिवस मिळाला नाही?"

"लोरेन," मी म्हटलं.

"नाही बाई, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही टॉर्च धरलात ना?" तिने कोटाचं एक बटण काढलं आणि परत लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आईला यातलं काही सांगायचं नाही. गाडी मिळाली नाही, असं सांगायचं. बाबा, ऐकतोयस का? गाडी मिळाली नाही."

शनिवारी आम्ही तिघं लोरेनच्या मोटारीतून इस्पितळात गेलो.  खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेकड्यांच्या माथ्यावर बर्फ होतं.

नोरीन उशांना टेकून बसली होती. अंगात निळा लोकरी कार्डिगन. तिथल्या नर्सने दारातच सांगितलं की शुक्रवारी पहाटेच तिने तो घालून मागितला होता, केस विंचरून घेतले होते, आणि दुपार होऊन गेली तरी काढू दिला नव्हता. आजही नाही.

"गाडी मिळाली नाही गं आई," लोरेन म्हणाली. "गोंधळ झाला त्यांचा. सोमवारी नक्की."

नोरीनने मान हलवली. मग डेरेककडे बघितलं. तो खुर्चीत बसून हात मांड्यांखाली घालून होता.

"हात बघू," ती म्हणाली.

"काय?"

"हात, डेरेक."

त्याने हात पुढे केले. धुऊन धुऊन लाल झालेले, पण नखांच्या कडांत काळं तसंच. गाळाचं काळं साबणाने जात नाही. तिने त्याचा अंगठा धरून वळवून बघितला.

"काय केलंस?"

लोरेन म्हणाली, "आई, ते—"

"तुला नाही विचारलं."

डेरेकने सांगितलं. काही लपवलं नाही. सबबी सांगितल्या नाहीत; नुसतं, पाणी उतरलं नाही आणि मी प्लंबरला बोलावलं नाही, म्हणून तू काल घरी आली नाहीस, एवढं सरळ सांगितलं.

 नोरीनने त्याचा अंगठा सोडला.

"पलंगाखालचा खोका?"

"हो."

"आत्ता?"

"हो."

"मला कालच यायचं होतं रे," ती म्हणाली. ओरडली नाही, तेवढा जोर तिच्यात नव्हता. "मी तयार होऊन बसले होते."

डेरेकची मान खाली. मला वाटलं, आता तो उठून बाहेर जाईल. गिरणी बंद झाली त्या दिवशी तो असाच उठून डोंगरावर निघून गेला होता, असं नोरीन सांगायची. पण तो उठला नाही. लोरेन मात्र तोंडावर हात धरून बाहेर वऱ्हांड्यात गेली.

खूप वेळाने नोरीन म्हणाली, "कुठे लावलीस? खिडकीकडे?"

"नाही. जिथे रेडिएटर होता तिथेच. पाइप वीतभर आत घेतले."

"फळ्या उचकटल्यास?"

"तीन."

"परत ठोकल्यास का?"

"स्क्रूने बसवल्या. आता करकरणार नाहीत."

"ती दाराजवळची नेहमी करकरायची."

"ती पण."

तिने डोळे मिटले. "सांग," म्हणाली.

मग त्याने सुरुवातीपासून सांगितलं. सुतळी, गोळा, काळं पाणी, हॅरी तेल लागलं का म्हणाला ते. नोरीनच्या ओठाची एक कड हलली. "तो हॅरी," ती म्हणाली. डेरेकने पितळी जोड सांगितले, एकेक नट सांगितला, कुठल्या पान्याने फिरवला ते सांगितलं, भिंतीत भोक पाडताना विटेचा कोपरा कसा ढासळला आणि त्याने तो कसा भरून काढला ते सांगितलं. लोक कंटाळतील अशा गोष्टी. त्यांच्या घरात रोज संध्याकाळी हेच चालायचं. तो कामावरून येऊन कुठला माग कसा अडला आणि कसा सुटला ते सांगायचा, ती बटाटे सोलत ऐकायची. मध्येच झोप लागली की काय म्हणून तो थांबला, तर ती डोळे न उघडता म्हणाली, "मग?"

मी लोरेनशेजारी वऱ्हांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. आतून त्याचा आवाज येत होता. लोरेन भिंतीकडे बघत होती.

रविवारी दुपारी वॉर्डात जेवणाची गाडी फिरत असताना नोरीन गेली. डेरेक जवळ होता. लोरेन खाली चहा आणायला गेली होती, दोन कप घेऊन ती वर आली तेव्हा पडदा ओढलेला होता.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे होते. डेरेक आणि लोरेन स्वयंपाकघरात बसले होते, टेबलाच्या दोन टोकांना. पुढचं दार उघडायचा आवाज आला. सायमाकडे किल्ली होती. शनिवार-रविवारचा निरोप तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. गाडी यायच्या आधी पलंग तयार करायला ती लवकर निघून आली होती, हातात नव्या चादरी.

"अरे वा!" पुढच्या खोलीतून तिचा आवाज आला. "किती छान ऊब आहे हो, मिस्टर अटली! आता बघा कशी—"

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. कोट काढून हातावर घेतलेला. आमच्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"कधी?" तिने विचारलं.

"काल," लोरेन म्हणाली.

सायमाचे डोळे भरून आले. चादरी कुठे ठेवाव्यात ते तिला कळेना, कोट घालावा की तसाच धरावा ते कळेना. "मला सांगितलं नाही कोणी. मी गुरुवारी जर... मी हो म्हटलं असतं तर निदान..."

डेरेक उठला. त्याने तिच्या हातातल्या चादरी घेतल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"तुझं बरोबर होतं, पोरी," तो म्हणाला. "त्या गारठ्यात मीसुद्धा तिला ठेवलं नसतं. थंडी तू नव्हती आणली. बस, चहा घे."

लोरेन बापाकडे बघत राहिली. शुक्रवारपासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. आता उठून तिनेच किटली चढवली.

दुपारी दोन माणसं येऊन पलंग घेऊन गेली. जाताना त्यांनी दाराच्या चौकटीला पलंग लागू नये म्हणून फार काळजी घेतली. पुढच्या खोलीत गालिच्यावर पलंगाच्या पायांचे चार खळगे राहिले. सोफा अजून मागच्या शेडमध्येच होता, भिंतीशी एक खुर्ची होती.

मी स्वयंपाकघरात कपबशा विसळत होते. उघड्या दारातून मला डेरेक दिसत होता. तो खोलीच्या मधोमध थोडा उभा राहिला, मग खिडकीखालच्या रेडिएटरपाशी वाकला आणि त्याची कळ बंद करू लागला.

"काय करतोयस?" लोरेन जिन्यावरून उतरत म्हणाली.

"इथे आता कोण बसतंय. उगाच कशाला तापवायची खोली."

ती आत आली. त्याच्या शेजारी वाकली, त्याचा हात बाजूला केला आणि कळ पुन्हा उघडली, पूर्ण. मग भिंतीपासची खुर्ची ओढून खिडकीजवळ घेतली आणि बसली.

"मी बसतेय," ती म्हणाली. "बाबा, दार लावून घे. ऊब बाहेर जाते."

त्याने शेडमधून आणायला दुसरी खुर्ची आहे का, असं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, जमिनीवर बस, तुला काही होत नाही. डेरेक माझ्याकडे न बघता दारापर्यंत आला आणि त्याने दार लावून घेतलं.